मे अखेरीस शेटलंड, पाच रात्री : आराखडा तपासून द्याल का?

वेडा राघू, ठाणे पश्चिम

नमस्कार मंडळी. चौघांचा शेटलंडचा, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांचा, पक्षी बघायचा बेत पक्का झालाय. व्हिसा हातात आहे, मुंबई–लंडन–ॲबरडीन तिकिटं काढून झाली. २३ मेला संध्याकाळी ॲबरडीनहून रात्रीची बोट, २४ला रविवारी सकाळी लर्विक (तिथलं मुख्य गाव), आणि २९ला शुक्रवारी दुपारी संबरा विमानतळावरून परत. म्हणजे पाच रात्री. लर्विकला गाडी भाड्याने घेतोय, चालवणारे दोघं. एकांचं वय ६७ आहे आणि गुडघा कुरकुरतो. सपाटीवर तीन-चार किलोमीटर आरामात चालतात, चढाला वेळ लागतो.

सध्याचा क्रम असा : रविवारी दक्षिण टोकाच्या संबरा हेड कड्यावर पफिन, सोमवारी नॉस बेट, मंगळवारी फेटलर बेट करून लर्विकला परत, बुधवारी उत्तरेच्या अन्स्ट बेटावरचं हर्मनेस करून परत, गुरुवारी रात्री मूसा बेटावर स्टॉर्म पेट्रेल हा समुद्रपक्षी. मुक्काम पाचही रात्री लर्विकलाच. जमलं तर एक दिवस फेअर आयल बेट.

क्रम चालेल का? काय गाळावं? चोचीत मासे धरलेल्या पफिनचा फोटो मिळेल का? आणि कपडे, कॅमेरा, खाणं याबद्दलही सांगा. आम्ही सगळे ऐरोली–भांडुपच्या खाडीपट्ट्यात पक्षी बघत फिरणारे, दहा डिग्रीत दिवसभर वाऱ्यात उभं राहायची सवय कुणालाच नाही.

शेकाट्या, ऐरोली

राघूदादा, ठिकाणं बरोबर निवडलीत, क्रम मात्र उलटा करा.

आधी सोमवारचं नॉस खोडा. नॉसवर उतरवणारी छोटी रबरी बोट सोमवारी आणि गुरुवारी नसते. पोचण्याचा रविवार आणि परतीचा शुक्रवार सोडले तर तुमच्या तारखांत मंगळवार आणि बुधवार एवढेच दोन दिवस उरतात. फेअर आयलही खोडा. लर्विकजवळच्या टिंगवॉल धावपट्टीहून विमानाने २५ मिनिटांचंच अंतर आहे, पण धुकं किंवा वारा आला की दोन-दोन दिवस परतता येत नाही. तिथे जाणारा अडकायची तयारी ठेवूनच जातो. पाच रात्रींच्या सहलीत तो जुगार नको.

आता मुक्काम. लर्विकहून हर्मनेस म्हणजे टॉफ्टपर्यंत साधारण ४५ किलोमीटर रस्ता, तिथून येल बेटावर जायला २० मिनिटांची फेरी, येल दक्षिणेकडून उत्तरेपर्यंत पार करायचं, मग गचरहून अन्स्टला १० मिनिटांची दुसरी फेरी आणि पुढे अन्स्टच्या उत्तर टोकापर्यंत गाडी. फेऱ्या बरोबर गाठल्या तरी एका बाजूला अडीच तास. फेटलरचा रस्ताही गचरपर्यंत हाच. लर्विकहून दोन दिवस ये-जा केलीत तर दहा तास गाडीत आणि रांगेत जातील. पहाटेचा आणि संध्याकाळचा उजेड, म्हणजे पक्ष्यांची खरी वेळ, नेमका त्यातच संपेल.

म्हणून बोटीतून उतरलात की थेट उत्तरेला निघा. रविवार आणि सोमवारची रात्र अन्स्टवर, मंगळवारी संध्याकाळी खाली, मग तीन रात्री सँडविक किंवा संबराच्या बाजूला. सगळ्यात लांबचं बेट आधी करण्यामागे साधं कारण आहे : फेरी रद्द झाली तर ती सुरुवातीला झालेली परवडते, परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी नाही. शिवाय संबरा हेड विमानतळाच्या अगदी शेजारी आहे, शेवटच्या सकाळीही तिथे दोन तास मिळतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोक्यातलं घड्याळ बदला. आपण खाडीवर जाताना भरतीचं कोष्टक बघून निघतो. पाणी चढायला लागलं की तुतवार, चिखले काठाकडे सरकतात, हे आपल्या अंगवळणी पडलंय. शेटलंडच्या कड्यांवर भरतीचा काही संबंध नाही, तिथे सगळं वाऱ्यावर ठरतं. रोज रात्री विंडी ॲपवर तीन गोष्टी बघायच्या : वाऱ्याची दिशा, झोताचा वेग आणि लाटेची दिशा. पश्चिमेचा वारा असेल तर नॉस आणि मूसा हे दोन्ही पूर्व किनाऱ्यावर असल्याने आडोशाला येतात. पूर्वेकडून लाट असेल तर त्याच दोन बोटी आधी रद्द होतात. दक्षिण–आग्नेयेचा दमट वारा थंड समुद्रावरून आला की संबराला धुकं धरतं, विमानंही अडकतात. झोत ३० नॉटच्या वर असेल, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर, तर कड्याच्या काठाशी कुणीही जाऊ नये. काठाखालची माती पफिन आणि सशांच्या बिळांनी पोखरलेली असते. वरून हिरवळ शाबूत दिसते, खाली पोकळ.

त्यामुळे अमुक दिवशी अमुक असं फक्त फेऱ्यांपुरतं पक्कं करा, बाकीचं अदलाबदलीला मोकळं ठेवा. भरतीचा विचार करायला लागेल अशी एकच जागा, विमानतळालगतचं पूल ऑफ व्हर्की. चिखलाचं उथळ खाजण आहे, पाणी अर्धं उतरलेलं असताना काठावर गाडीत बसूनच डनलिन, रिंग्ड प्लोव्हर, सँडरलिंग बघता येतात. अगदी ओळखीचं वाटेल.

बोटीचं एक राहिलं. ॲबरडीनहून ती काही दिवशी संध्याकाळी ७ला सुटते आणि ज्या दिवशी वाटेत ऑर्क्नीतल्या कर्कवॉलला थांबते त्या दिवशी ५ला. लर्विकला पोचायची वेळ दोन्हीकडे सकाळी साडेसात. लोक सातच्या हिशोबात राहतात आणि बोट चुकते. तिकिटावरची वेळ आजच बघा. आणि रविवारी सकाळी गाडी ताब्यात मिळेल का, हे भाड्याने देणाऱ्याकडून लेखी घ्या.

खंड्या, नेरूळ

फेटलरबद्दल सविस्तर लिहितो, कारण या सहलीतला सगळ्यात मोलाचा पक्षी तिथे आहे आणि लोक घाईत तो घालवतात.

रेड-नेक्ड फॅलरोप, पोहत चरणारा छोटा पाणपक्षी. ब्रिटनमध्ये वीण करणारे बहुतेक फॅलरोप याच भागात असतात, आणि ते मेच्या शेवटच्या आठवड्यातच पोचायला लागतात. तुमच्या तारखा जेमतेम लागतात, म्हणून फेटलर सोमवारी न करता मंगळवारी सकाळी करा. एक दिवसाचाही फरक पडतो. जागा म्हणजे रस्त्यालगतचं तळं. पाटीवर ‘फुंझी’ अशी अक्षरं दिसतील, उच्चार मात्र ‘फिनी’. कुणाला विचारताना फिनीच म्हणा.

काठाकाठाने शोधत फिरायचं नाही. रस्त्याच्या बाजूला, पाण्यापासून थोडं मागे, खाली बसायचं आणि तासभर हलायचं नाही. पक्षी काठ धरून पोहत पोहत चरत येतो आणि गप्प बसलेल्या माणसापासून चार-पाच मीटरवरून निघून जातो. जागच्या जागी भोवऱ्यासारखा गरगर फिरतो, त्या भोवऱ्याने खालचे बारीक जीव वर येतात, आणि सुईसारख्या चोचीने एकेक टिपतो. मानेवर विटकरी पट्टा जास्त गडद दिसला तर ती मादी. यांच्यात मादी नटलेली, आणि अंडी उबवणं व पिल्लं सांभाळणं नराकडे.

२०१२ साली फेटलरवरच्या काही फॅलरोपना अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचे जिओलोकेटर, म्हणजे प्रवासाचा माग नोंदणारी यंत्रं, बसवले होते. पुढच्या वर्षी त्यातला एक पक्षी पुन्हा हाती लागला. आइसलंड, ग्रीनलंड, अमेरिकेचा पूर्व किनारा, कॅरिबियन असं करत तो थेट इक्वेडोर–पेरूजवळच्या प्रशांत महासागरात जाऊन आला होता. स्कँडिनेव्हियातले फॅलरोप मात्र हिवाळ्यात आपल्या अरबी समुद्रात येतात. दिसायला एकच पक्षी, शेजारशेजारच्या प्रदेशातला, आणि हिवाळा जगाच्या दोन टोकांना. ते तळ्याकाठी बसलेलं असताना आठवलं पाहिजे.

कायद्याचं नीट लक्षात ठेवा. फॅलरोप, व्हिंब्रेल, रेड-थ्रोटेड डायव्हर हे १९८१च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टच्या परिशिष्ट १मध्ये आहेत. घरट्याशी किंवा घरट्याजवळ त्यांना त्रास दिला तर गुन्हा होतो, फोटोसाठीसुद्धा. मोबाइलवर आवाज वाजवून बोलावणं तर अजिबात नको. छोट्या तळ्यावर डायव्हर बसलेली दिसली तर गाडीतून उतरूच नका. तिला जमिनीवर धड चालता येत नाही, म्हणून ती पाण्याच्या अगदी काठाशी घरटं करते. माणूस दिसला की पाण्यात सरकते आणि अंडी कुरवांना आणि स्कुआ या लुटारू समुद्रपक्ष्यांना उघडी पडतात.

व्हिंब्रेल आपल्याला खाडीत हिवाळ्यात दिसतो, पण चिखलात चोच खुपसणारा. तिथे तो माळावर, हवेत उंच जाऊन लांबलचक शीळ घालत उतरतो. तो आवाज मुद्दाम ऐका. ब्रिटनमध्ये वीण करणारे जवळजवळ सगळे व्हिंब्रेल शेटलंडमध्येच आहेत.

एक सल्ला पटणार नाही कदाचित. मेअखेरीस आग्नेयेचा वारा आणि पाऊस एकत्र आला की वाट चुकलेले ब्लूथ्रोट, लाल पाठीचे खाटीक, रोझफिंच उतरतात आणि तिथले पक्षीनिरीक्षक सगळं सोडून त्यामागे पळतात. तुम्ही पळू नका. ब्लूथ्रोट भांडुप पंपिंग स्टेशनला दिसतो, रोझफिंच सह्याद्रीत दिसतो. तो वेळ समुद्रपक्ष्यांना द्या.

वेडा राघू, ठाणे पश्चिम

शेकाट्याकाका, खंड्यादादा, खूप आभार. रविवारी उत्तरेला जायचं नक्की केलं. हर्मनेसला गुडघ्याचं काय करावं? आणि पफिनचा प्रश्न राहिलाच.

शेकाट्या, ऐरोली

हर्मनेसचा पूर्ण फेरा साधारण सात-आठ किलोमीटर आणि तीन ते चार तासांचा. बराचसा भाग लाकडी फळ्यांच्या वाटेवरून आहे. त्या फळ्या सोडून ओल्या पीटमध्ये, म्हणजे दलदलीच्या मऊ मातीत, पाय टाकला की घोट्यापर्यंत जातो. गुडघा दुखणाऱ्या तुमच्या ६७ वर्षांच्या काकांनी फळ्यांच्या वाटेने कड्यापर्यंत जाऊन त्याच वाटेने परतावं, डोंगरावरून फिरून येणाऱ्या बाजूला जाऊ नये. कडा गाठला की उत्तरेला मकल फ्लगाचं दीपगृह आणि खाली गॅनेट या मोठ्या पांढऱ्या समुद्रपक्ष्यांच्या वसाहती. पांढरे ठिपके दिसतात ते ठिपके नाहीत, एकेक पक्षी आहे. वारा तुमच्याकडे असेल तर वास आधी पोचतो.

वाटेत बॉन्क्सी, म्हणजे ग्रेट स्कुआ, आता पूर्वीइतक्या नाहीत. २०२१–२२च्या बर्ड फ्लूने त्यांची फार हानी केली, त्यानंतरच्या गणनेत ब्रिटनमधल्या ग्रेट स्कुआ ७६ टक्क्यांनी घटलेल्या निघाल्या. म्हणून ज्या उरल्यात त्यांच्या हद्दीत रेंगाळू नका. अंगावर झेपावली तर काठी डोक्याच्या वर सरळ धरायची, हलवायची नाही. ती सगळ्यात उंच टोकावर झेप घेते. आर्क्टिक टर्नलाही हेच लागू, फक्त ती खरोखर चोच मारते, टोपी हवीच. मेलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही, आणि एका बेटावरून दुसऱ्यावर जाताना बुटांचे तळवे घासून धुवायचे.

नॉसलाही गुडघा आडवा येईल. लर्विकहून आधी मधल्या ब्रेसे बेटाची फेरी सात मिनिटांची, मग गाडी, मग उतरत खाली समुद्रापर्यंत चालत, मग नॉसवर कड्यापर्यंत चढ. त्याऐवजी काकांसाठी लर्विकहून निघणारी बोट घ्या. ती नॉसच्या १८१ मीटर उंच नूप कड्याच्या पायथ्याशी नेते. दोघांनी वरून बघा, दोघांनी खालून. खालून बघणं कमी प्रतीचं नाही. मान मागे टाकली की सगळं आभाळ गॅनेटनी भरलेलं असतं.

पफिन : चोचीत मासे मेमध्ये मिळणार नाहीत, हे आधीच मनाशी ठरवा. तेव्हा जोडीतला एक बिळात अंड्यावर बसलेला असतो. उबवायला चाळीसेक दिवस लागतात. पिल्लं जूनमध्ये निघतात, मग सँडइल हे बारीक मासे आणणं सुरू होतं. तो फोटो जूनच्या उत्तरार्धापासून जुलैपर्यंतचा. मेमध्ये वेगळं मिळतं : चोचीवर चोच घासणं, बिळासाठी गवताची काडी नेणं, कठड्याशी बसून तुमच्याकडे मान वाकडी करून बघणं. आणि वेळ सांभाळा. दुपारी बारा ते चार बरेच पफिन समुद्रात असतात, तेव्हा कडा रिकामा दिसतो आणि लोक निराश होऊन परततात. त्या दिवसांत सूर्य पहाटे ४च्या सुमारास उगवतो आणि रात्री १०ला मावळतो. संबरा हेडला संध्याकाळी ७ नंतर जा. झोप दुपारी काढा.

धोबी, येऊर

कॅमेऱ्याचं लिहितो.

पफिन दिसतो गोंडस, पण उडतो ताशी ऐंशीच्या आसपास, आणि वळण घेताना अंदाज लागत नाही. १/३२०० शटर धरा, १/२००० च्या खाली नको. १०० ते ४०० लेन्स पुरते, कारण संबराला ते दहा फुटांवर बसतात. ६०० मिमी घेतलीत तर अर्ध्या वेळा पक्षी फ्रेमबाहेर जाईल. छाती पांढरी आणि पाठ काळी, म्हणून पांढरं आधी सांभाळा : उन्हात एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली, ढगाळ असेल तर शून्यावर. पिसांत तपशील उरला पाहिजे, काळ्यातला नंतर काढता येतो.

स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवरची एकनळी दुर्बीण, नेत असाल तर ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब काढू नका. मधला दांडा खालीच ठेवा, गुडघ्यावर बसून बघा, दांड्याला पिशवी अडकवा. उभ्याने लावलेला स्कोप त्या वाऱ्यात थरथरतो आणि पाचशे मीटरवरचा पक्षी दोन दिसतो. ८ × ४२ दुर्बीण प्रत्येकाकडे हवी, १० ची वाऱ्यात हलते.

खारं पाणी उडालं की कोरड्या फडक्याने पुसायची घाई करतात, तिथेच काच खरवडली जाते. आधी गोड्या पाण्याने ओलं केलेलं फडकं, मग कोरडं. संध्याकाळी थंडीतून गरम खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बॅगेत बंद करा आणि तासभर उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. आणि हे कुणी सांगत नाही : खरा धोका परतल्यावर ठाण्यात आहे. विमानात गार पडलेली लेन्स मेअखेरच्या दमट हवेत उघडली की पाणी आतल्या काचांवर बसतं, आणि पुढच्या चार महिन्यांत बुरशी. घरी आल्यावर बॅग बंदच ठेवा, दुसऱ्या दिवशी उघडून थेट ड्राय बॉक्समध्ये.

मूसाला फ्लॅश अजिबात नाही. खरं तर तिथे कॅमेरा बाजूला ठेवा. दोन हजार वर्षांहून जुना, १३ मीटर उंच दगडी मनोरा, आणि त्याच्या भिंतींच्या फटींत स्टॉर्म पेट्रेलची घरटी. रात्री अकरानंतर भिंतीला कान लावला की दगडातूनच घरघर ऐकू येते, मध्येच उचकी लागल्यासारखा आवाज, पुन्हा घरघर. मग समुद्रावरचे जोडीदार यायला लागतात. २५ ग्रॅमचा काळा पक्षी, वटवाघळासारखा गालाजवळून जातो आणि फटीत नाहीसा होतो. कुरवांना आणि स्कुआंना चुकवायला तो अंधार पडल्यावरच जमिनीवर येतो. या फेऱ्या मेअखेरीला सुरू होतात, ठरलेल्या रात्रीच असतात आणि जागा कमी. आजच बुकिंग करा, आणि गुरुवारचं मिळत असलं तरी बुधवारचं मागा. रद्द झालं तर गुरुवारची आशा तरी उरते.

कपड्यांत छत्री आणि पोंचो घरीच ठेवा. पोंचो फडफडतो, पक्षी बिचकतात. आत पातळ लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा थर, त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं पाणीरोधक जाकीट आणि तशीच पँट. सुती बनियन नको, ओला राहतो. बोटं उघडता येणारे हातमोजे. मेमध्ये दुपारीही १०-११ डिग्रीच असतं आणि वाऱ्यात ते निम्मं वाटतं.

टिटवी, वाशी

खाण्याचं आणि रस्त्याचं. राघूदादा, तूप, पेढे, बर्फी, पनीर, चीज काही नेऊ नका. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला मनाई आहे, विमानतळावर काढून घेतात. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, तेलातल्या दशम्या, दूध नसलेली उपम्याची पाकिटं चालतात. लर्विकमध्ये टेस्को आणि को-ऑप ही किराण्याची मोठी दुकानं आहेत. रविवारी उत्तरेला निघण्याआधी दोन दिवसांचा किराणा आणि टाकीभर पेट्रोल घेऊनच निघा, फेटलरवर काही मिळेल या भरवशावर राहू नका. स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. रात्री दहाला परतल्यावर गरम खिचडी मिळाली तर दुसऱ्या दिवशी पहाटे उठायची ताकद राहते.

आपलं लायसन्स पर्यटकाला बारा महिने चालतं, गाडी डावीकडूनच. एकेरी रस्त्यांवर दर थोड्या अंतरावर रुंद केलेली जागा असते. ती तुमच्या डावीकडे असेल तर आत शिरा, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबून समोरच्याला आत जाऊ द्या. उजवीकडच्या जागेत शिरायचं नाही. तिथे उभं राहून पक्षी बघणं हा तिथल्या लोकांचा सगळ्यात मोठा राग आहे, कारण मागून येणारी गाडी कदाचित फेरी गाठायला निघालेली असते. मेमध्ये मेंढ्यांची कोकरं रस्त्यावर असतात. एक कोकरू पलीकडे गेलं की आई मागोमाग येणारच. येल आणि अन्स्टच्या फेऱ्यांवर गाडीची जागा आधी राखता येते, राखाच.

गोचिड्या आहेत. पँट मोज्यात खोचा आणि रोज रात्री गुडघ्यामागे, कमरेला बघा. फुल्मार या समुद्रपक्ष्याच्या घरट्याजवळ जाऊ नका. ती पोटातलं वासाचं तेल दीड-दोन मीटर फेकते आणि तो वास जाकिटातून जात नाही.

तिथली नावं पाठ करून जा, लोक तीच वापरतात. पफिन म्हणजे टॅमी नोरी, ब्लॅक गिलेमॉट टायस्टी, ऑयस्टरकॅचर शाल्डर, रेड-थ्रोटेड डायव्हर रेनगूज. आर्क्टिक टर्नला टिरिक म्हणतात, आपल्याकडे टिटवीला जसं आवाजावरून नाव पडलं तसंच.

वेडा राघू, ठाणे पश्चिम

सगळं छापून घेतलं. नवा क्रम : रविवार अन्स्ट, सोमवार हर्मनेस, मंगळवारी सकाळी फेटलर आणि संध्याकाळी सँडविकला, बुधवारी नॉस आणि रात्री मूसा, गुरुवार मोकळा, संध्याकाळी आणि शुक्रवारी सकाळी संबरा. मूसाचं बुधवारचं मिळालं. नॉसची बोट त्या दिवशी चालू आहे का, हे कुठे कळेल?

शेकाट्या, ऐरोली

सकाळी निघण्याआधी नेचरस्कॉटची, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारी निसर्गसंस्थेची, त्या दिवसाची सूचना बघा. तरीही ब्रेसेच्या पलीकडच्या टोकाला पोचल्यावर चालायला लागण्याआधी समोरच्या बेटाकडे दुर्बीण लावा. लाल झेंडा दिसला तर बोट बंद, तिथूनच मागे फिरा आणि लर्विकची बोट गाठा. बुधवारी रात्री मूसाहून परतायला एक वाजेल, तेव्हा गुरुवारी सकाळी कुणालाही गाडी चालवायला लावू नका.